काचेतल्या बाई

परीची पापणी फार वेळेवर लवत होती. घरातलं घड्याळ चुकेल, पण परीची पापणी चुकायची नाही. हे एकदा भिंगरीच्या ध्यानात आलं आणि तिथून पुढे जे काही रामायण झालं त्याला खरं पाहता ती पापणीच जबाबदार आहे. पण पापणीवर आळ कोण घेतो? सगळं खापर फुटलं भिंगरीच्या डोक्यावर.

परी होती बाबांच्या दुकानाच्या काचेत. बाबांचं दुकान कॉम्प्युटरचं आणि त्याच्या सुट्या भागांचं. त्यातला सगळ्यांत मानाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर चित्रं काढणारं. ते किती झकास चित्रं काढतं हे लोकांना कळावं म्हणून कंपनीनं ही परी पाठवली होती. काचेमागच्या भल्यामोठ्या टीव्हीत ती दिवसभर तरंगायची. केस न् केस वेगळा, गालावर दवाचे थेंब, पंखांतून पलीकडचं दिसायचं. टीव्हीवर एक कॅमेरा होता, त्यामुळे समोरून कुणी गेलं की ती मान वळवून त्याच्याकडे बघायची. लोक थांबायचे, "वा" म्हणायचे आणि चालू लागायचे. आत कुणी म्हणजे कुणी यायचं नाही.

आणि शनिवारी कंपनीचे साहेब येणार होते. त्यांनी बाबांना फोनवर फार गोड आवाजात समजावलं होतं की काचेपुढे थांबतो तो बघ्या, उंबरठा ओलांडतो तो गिऱ्हाईक. आणि शनिवारी उंबरठा ओलांडणारी माणसं दिसली नाहीत, तर कंपनीची पाटी या दुकानावरून उतरेल आणि समोरच्या दुकानावर चढेल. समोरचं दुकानही कॉम्प्युटरचंच. त्याच्या मालकाला बाबा नुसतं 'समोरचा' म्हणत, तेही दात आवळून. समोरच्यानं स्वतःच्या काचेत आग ओकणारा ड्रॅगन ठेवला होता.

"पाटी गेली की आपल्याकडे राहतं काय?" बाबा म्हणाले. "माउस आणि वायरी. वायरींवर कुणाचं दुकान चाललंय?" आणि ते अर्ध्या ताटावरून उठले.

संकट आलं की सल्ले येतातच, साखर सांडली की मुंग्या येतात तसे. शेजारचे टेलरकाका गळ्यातल्या टेपसकट आले, परीकडे पाठीवर हात बांधून बघत राहिले आणि म्हणाले, "पंख कुठून निघालेत ते दाखवा मला. ना शिवण, ना काज. आमच्याकडे असा झगा गिऱ्हाईक परत फेकून मारेल." सलूनवाला म्हणाला, "केस उडतायत, पण वारा कुठंय? पंखा तरी दाखवा एक." कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातले केमिस्टकाका चष्मा पुसून पुन्हा बघून म्हणाले, "पोरगी अशक्त आहे. हिला आधी लोह सुरू करा, मग पंखांचं बघू."

बाबा प्रत्येकाला "हो ना, हो ना" म्हणाले. दुकानदाराला दुसरं काही म्हणता येत नाही.

भिंगरी मात्र कोपऱ्यात उभी राहून पापणी मोजत होती. भिंगरी म्हणजे बाबांची दहावीतली एकुलती एक मुलगी. हे नाव तिला घरातल्यांनी ठेवलं होतं, कारण ती एका जागी बसत नसे. तिनं नुकतंच शाळेच्या स्पर्धेत कॉम्प्युटरवर एक चालणारं मांजर बनवून दुसरं बक्षीस मिळवलं होतं, आणि दुसरं बक्षीस फार वाईट. पहिलं मिळालेला माणूस गप्प बसतो. दुसरं मिळालेल्याला जगाला दाखवून द्यायचं असतं.

"बाबा, परी खरी दिसते, पण खरी वाटत नाही. पापणीसुद्धा घड्याळासारखी लवते," तिनं जाहीर केलं. "तिला कुणीच ओळखत नाही ना. लोक ओळखीच्या माणसाला बघून आत येतात. मी बनवते एक."

"काय बनवतेस?"

"माणूस."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं बुडणारा माणूस काडीकडे बघतो आणि काडी अगदीच बारीक आहे हेही त्याला दिसत असतं. "बनव," ते म्हणाले.

आता माणूस बनवायचा तर चेहऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो लागतात, आणि फोटो होईपर्यंत त्या चेहऱ्यानं हलायचं नसतं. आईवर प्रयोग केला, तर ती मधेच उठून गॅस बंद करून आली आणि तिला फोटोंत दोन नाकं आली. बाबांना शनिवारच्या विचारानं सारखा घाम येत होता, त्यामुळे ते वितळल्यासारखे दिसले. घरात न हलता बसू शकणारं माणूस एकच होतं. आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मभर रस्त्याच्या टोकाच्या शाळेत तिनं गणित शिकवलं. अर्धा रस्ता तिच्या हाताखालून गेला होता आणि उरलेल्या अर्ध्यानं पहिल्या अर्ध्याकडून ऐकलेलं होतं. निवृत्त झाली तरी सगळे तिला 'बाई'च म्हणत. सध्या गुडघा धरल्यामुळे ती घराबाहेर पडत नव्हती.

"आत्या, तुझे फोटो काढायचेत. प्रोजेक्ट आहे."

"विषय?"

"मानवी चेहरा."

"मग माझाच कशाला?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळ्यांत जास्त भाव असतात," भिंगरी म्हणाली. हे साफ खोटं होतं. आत्याच्या चेहऱ्यावर एकच भाव असे. तो सगळीकडे चालायचा.

आत्या खूष झाली असावी, कारण तिनं चष्मा काढून ठेवला. चष्म्याच्या काचा फोटोत चकाकत होत्या, म्हणून भिंगरीनंच तो काढायला सांगितला होता. मग आत्या खुर्चीत अशी बसली की माशी येऊन कपाळावर फिरून गेली, पण भुवई हलली नाही.

चेहरा छान उतरला. सुरकुती न् सुरकुती, हनुवटीवरचा तीळ, ओठांची ती सरळ रेघ. मांजर बनवणाऱ्या हातांनी असं काही बनवावं याचं भिंगरीला स्वतःलाच कौतुक वाटलं. पण तो चेहरा टीव्हीत चढवायचा तर कंपनीच्या संकेतस्थळावर पात्राची नोंद करावी लागते, आणि तिथे पात्राचा प्रकार विचारत होते. पर्याय होते परी, योद्धा, राक्षस आणि इतर प्राणी.

भिंगरीनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक आवाज आला. "बोला मॅडम, आपल्या पात्राला पंख आहेत?"

"नाहीत."

"शिंगं? शेपूट?"

"नाही हो. साधी बाई आहे."

"साधी बाई आमच्याकडे येत नाही, मॅडम. 'इतर प्राणी' दाबा. त्यात सगळं बसतं."

भिंगरीला मॅडम म्हणणारा हा तिच्या आयुष्यातला पहिलाच माणूस. त्याचा शब्द मोडवेना. तिनं 'इतर प्राणी' दाबलं. मग दोन पट्ट्या आल्या, एक 'वास्तवता' आणि दुसरी 'आकर्षण'. एक वर सरकवली की दुसरी आपोआप खाली येत होती; असं का, ते कंपनीलाच ठाऊक. भिंगरीनं वास्तवता पार टोकाला नेली. शेवटी एक सूचना आली, की एकदा नोंदवलेलं पात्र तपासणी होईपर्यंत बदलता येणार नाही. तिनं तिकडे 'मान्य' दाबलं. अशा सूचना कुणी वाचतं का?

गुरुवारी शाळेआधी तिनं आणि बाबांनी टीव्ही सुरू केला. परी गेली. आत्या आली.

"ताईच की गं," बाबा म्हणाले आणि नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

खाली पट्टीवर ठसठशीत अक्षरांत आपोआप उमटलं, 'प्रकार: इतर प्राणी'. ती पट्टी जाईना. भिंगरीनं तिच्यावर बाहेरून सवलतीचा कागद चिकटवला आणि ती शाळेत गेली.

दुपारी परत आली, तर रस्ता ओळखू येईना. एरवी त्या फुटपाथवर दुचाक्या आडव्या लावलेल्या असत. आज त्या एका रेषेत उभ्या होत्या. एक तरणाबांड माणूस भरधाव सायकलवरून आला, काचेकडे नजर गेली तसा उतरला, सायकल हातानं ढकलत दुकानापुढून नेली आणि कोपरा वळल्यावर पुन्हा बसला. सलूनवाल्यानं रेडिओ बारीक केला होता. आणि काचेपुढे चिटपाखरू नव्हतं. कॅमेऱ्यामुळे आत्या जाणाऱ्या-येणाऱ्याकडे मान वळवून बघत होती, थेट चेहऱ्याकडे, आणि जो तो खाली मान घालून पाय उचलत होता.

"काल निदान बघत तरी होते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

"मग आज बघायचं सोडलं का सगळ्यांनी?"

"बघतायत ना. तिकडून."

भिंगरीनं वळून बघितलं. समोरच्या फुटपाथवर, समोरच्याच्या दुकानाला पाठ लावून, माणसांची ही गर्दी. बाईंना बघायचं तर होतं, पण बाईंनी बघायला नको होतं. उभं राहून पाय दुखले की त्यातले काहीजण समोरच्याच्या दुकानात शिरून स्टुलावर बसत होते. समोरचा दारात उभा राहून हसून सगळ्यांना "या, या" करत होता. वर त्यानं बाबांना हात केला. हात केलेला सहन होतो, पण त्यानं मनापासून केला होता.

भिंगरीचा चेहरा पडला. पात्र बदलता येत नव्हतं. टीव्ही बंद करावा तर कंपनीला तिकडे बसल्या बसल्या कळतं. पट्ट्या आणि एक-दोन बारीकसारीक खाने तेवढे हलत होते. "मी गोड करते तिला," ती म्हणाली आणि शुक्रवारी संध्याकाळी तिनं आकर्षणाची पट्टी थोडी वर सरकवली.

आत्याच्या पापण्या लांब झाल्या. गाल चमकले. नसलेल्या वाऱ्यावर तिचा अंबाडा भुरुभुरु उडू लागला. आणि मग ओठांची सरळ रेघ हळूहळू वाकली. आत्या हसली.

केमिस्टकाका तेव्हा दुकानाच्या पायरीवर चौकशीला आले होते. त्यांनी ते हसू बघितलं, दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "येतो मी, अं... शटर ओढायचंय."

"आत्ताच?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही भाऊ आहात. बाई वर्षातून एकदाच हसायच्या, पेपर वाटताना."

रस्त्यावर पंधरा-वीस शटरं तरी त्या संध्याकाळी लवकर ओढली गेली. भिंगरीनं पट्टी पुन्हा खाली आणली, पण हसू एकदा दिसलं ते दिसलं. घरी जेवताना आत्या गुडघा चोळत म्हणाली, "झालं का गं तुझं ते प्रोजेक्ट? दाखव की." घास भिंगरीच्या घशातच अडकला. आईनं तिच्या पाठीवर चापटी मारली आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा पडा बघू. गुडघ्याला आराम नको का?" आईला सगळं ठाऊक होतं. आईला नेहमीच सगळं ठाऊक असतं, फक्त ती ते योग्य वेळेसाठी राखून ठेवते.

शनिवार उजाडला. बाबांनी काच पुसली, उंबरठा पुसला आणि पुन्हा काच पुसली. भिंगरीला सुट्टी होती, म्हणून ती काउंटरमागे बसली होती. खरं म्हणजे लपली होती. समोरच्या फुटपाथवर कालच्यापेक्षा जास्त गर्दी. समोरच्यानं तर आज बाकही मांडला होता.

साहेब आले. उंच, इस्त्रीचे, हातात टॅबलेट. दारातच थांबून त्यांनी रिकाम्या दुकानाकडे बघितलं, मग मागे वळून समोरच्या गर्दीकडे. "अच्छा," ते म्हणाले. त्या एका अच्छामध्ये पाटी अर्धी उतरली.

"साहेब, थोडं बसा, गर्दी जरा उशिरा..." बाबा बोलत होते आणि बोलता बोलता थांबले. त्यांची नजर रस्त्यावर खिळली होती.

रस्त्यावरून काठी टेकत आत्या येत होती.

त्याचं झालं होतं असं, की केमिस्टकाका सकाळी तिचं गुडघ्याचं मलम द्यायला घरी गेले. रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. दार उघडल्याबरोबर त्यांनी विचारलं, "बाई, काल तुम्ही काचेतून माझ्याकडे बघून हसलात. माझं काही चुकलं का?" आत्यानं त्यांना एकच प्रश्न विचारला, "कुठली काच?" आणि मलम त्यांच्या हातातच ठेवून चपला घातल्या.

समोरच्या फुटपाथवरची कुजबुज बंद झाली. आत्या काचेपुढे येऊन उभी राहिली. टीव्हीतल्या आत्यानं मान वळवली आणि तिच्याकडे रोखून बघितलं. बाहेरच्या आत्यानंही रोखून बघितलं. दोघी हलेनात. सलूनवाल्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन उठून उभं राहिलं. मग बाहेरच्या आत्यानं काठीच्या टोकानं सवलतीचा कागद खरवडला. कागद गळून पडला.

'प्रकार: इतर प्राणी'.

भिंगरीचे पाय आपोआप बाहेर गेले. लपायला आता जागाच नव्हती. "आत्या," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. प्रोजेक्ट नव्हतं. बाबांची पाटी वाचवायची होती. लोक ओळखीच्या माणसाला बघून आत येतील असं वाटलं मला, आणि सगळे तुलाच घाबरून पळाले." शेवटचं वाक्य तिला गिळायचं होतं, पण ते निसटलं.

आत्यानं समोरच्या गर्दीकडे बघितलं. तिथे पन्नाशीतले, चाळिशीतले, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले तिचे विद्यार्थी बाकामागे दडत होते. आत्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते भिंगरीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. फोटोंतही कुठे सापडलं नव्हतं. आत्याला वाईट वाटलं होतं.

"मी अशी बघते?" तिनं हळूच विचारलं.



मग बाकामागून टेलरकाका बोलले. ते आत्याचे विद्यार्थी नव्हते म्हणून त्यांना धीर होता. "नाही हो बाई. तुम्ही माप द्यायला येता ना, तेव्हा आधी कापड बघता, मग माझ्याकडे बघता. ही बया एकदम तोंडाकडेच बघते."

"बरोबर," आत्या म्हणाली. तिची पाठ पुन्हा सरळ झाली. "भिंगरे, पोर समोर आलं की मी आधी त्याची वही बघायचे. त्यानं काय आणलंय ते बघायचं, मग त्याच्याकडे. नुसतं तोंडाकडे रोखून बघणं म्हणजे बाई नव्हे, पोलीस. कर नीट."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

भिंगरी आत पळाली. साहेब टॅबलेट छातीशी धरून उभे होते, त्यांना ओलांडून तिनं कीबोर्ड गाठला. नजरेच्या खान्यात 'चेहरा' होतं. तिनं आधी 'हात' घातलं, मग 'क्षणभर थांबा', मग 'चेहरा'. दोनदा चुकलं. एकदा तर आत्या छताकडेच बघू लागली. तिसऱ्यांदा जमलं.

"आणि चष्मा घाल तिला," बाहेरून आवाज आला. "मला जवळचं दिसत नाही, तिला तरी कुठून दिसेल?"

चष्मा चढला. आत्यानं काठी उचलून समोरच्या फुटपाथकडे रोखली. "काय ते तिथून डोकावणं? रस्त्यात गर्दी नको. आत या सगळे. रांगेनं."

आता तुम्हीच सांगा, बाईंनी रांगेनं म्हटल्यावर कोण थांबणार? आधी केमिस्टकाका निघाले, मग सलूनवाला, मग तो अर्ध्या फेसाचा माणूस. बाबांनी आणि भिंगरीनं मिळून टीव्ही कसाबसा आतल्या बाजूला वळवला, वायरीत बाबांचा पाय अडकला, पण टीव्ही वाचला. पहिला आला केमिस्टकाकांचा नंबर. टीव्हीतल्या आत्यानं त्यांच्या हातातल्या मलमाकडे बघितलं, मग चष्म्यावरून सावकाश त्यांच्या तोंडाकडे. केमिस्टकाका विरघळले. "मुदत संपलेली नाही, बाई. बघून आणलंय," ते म्हणाले. टीव्हीतल्या आत्याला ऐकू येत नव्हतं हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग?

रांग उंबरठ्यावरून आत, काउंटरला वळसा घालून पुन्हा बाहेर गेली. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं: कात्री, डबा, उसवलेली पिशवी. नसेल तो शेजाऱ्याचं मागून घेत होता. रांगेच्या टोकाला ड्रॅगनचा रिमोट घेऊन समोरचाही उभा होता.

"तूसुद्धा?" बाबांनी विचारलं.

"त्याची आग नीट येत नाही रे," समोरचा ओशाळून म्हणाला. "बाईंना दाखवतो."

मग रांगेतली एक आई पुढे आली. तिनं बराच वेळ टीव्ही निरखला आणि बाबांच्या कानाशी येऊन विचारलं, "हे कार्ड घरी लावलं, तर आमच्या पोरांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर बाई दिसतील का हो?"

बाबांनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरीनं आत्याकडे बघितलं. आत्या काउंटरजवळ खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. "दिसतील," ती म्हणाली. "पण सुट्टीच्या दिवशी नाही."

त्या आईमागोमाग आणखी तीन आयांनी विचारलं, आणि एका बापानं, बायकोच्या सांगण्यावरून.

साहेब इतका वेळ भिंतीला टेकून टॅबलेटवर काहीतरी लिहीत होते. गर्दीच्या रेट्यानं ते सरकत सरकत नेमके टीव्हीपुढे आले. टीव्हीतल्या आत्यानं त्यांच्या टॅबलेटकडे बघितलं. क्षणभर थांबली. मग नजर उचलून चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

साहेब या गावचे नव्हते. या रस्त्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. तरी त्यांनी टॅबलेट पाठीमागे घेतला, टाय सरळ केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अहवाल अजून अपुरा आहे, बाई. पूर्ण करतो."

आणि त्यांनी तो तिथेच, उभ्या उभ्या पूर्ण केला. पाटी जिथल्या तिथे राहिली.

काही आठवड्यांनी भिंगरीनं कंपनीचं संकेतस्थळ उघडलं आणि किंचाळत आत्याच्या खोलीत गेली. साहेबांच्या अहवालामुळे असेल, पण प्रकारांच्या खान्यात एक नवा पर्याय आला होता. आत्यानं चष्मा लावला. आधी भिंगरीच्या हातातला पडदा बघितला, बोट ठेवून ओळीनं वाचलं: परी, योद्धा, राक्षस, बाई, इतर प्राणी. मग सावकाश नजर वर केली.

"भिंगरे," ती म्हणाली, "हा क्रम कुणी लावलाय?"